ब्रूस ली : मल्ल की नट?

कीर्ती ही कलावंताची मैत्रीण असते, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. परंतु कित्येकदा ती त्याची वैरीणही होऊन बसते. ज्या एका गुणामुळे तो प्रसिद्धीस येतो, त्या गुणाचा एवढा गवगवा होतो की, त्याच्या अंगचे दुसरे, कदाचित त्याहूनही मोलाचे गुण लोकांच्या नजरेआड होतात. ब्रूस ली याच्या बाबतीत असेच झाले आहे. 20 जुलै 1973 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तो मरण पावला. त्यास अर्धशतक उलटून गेले, तरी व्यायामशाळांच्या भिंतींवरून त्याचे चित्र उतरलेले नाही. त्याच्या ठोशाचा वेग, त्याच्या लाथेचा पल्ला, त्याच्या दंडांची ठेवण यांविषयी शाळकरी मुलेही अधिकारवाणीने बोलतात. उलटपक्षी, सुशिक्षित घरांतील वडीलधारी मंडळी त्याचे नाव निघताच किंचित हसतात आणि ‘मारामारीच्या चित्रपटांतील तो चिनी माणूस’ एवढ्यावर त्याची बोळवण करतात. भक्त आणि निंदक यांचे अन्य बाबतींत कितीही वाकडे असो, एका गोष्टीविषयी त्यांचे पूर्ण एकमत आहे : ब्रूस ली हा मल्ल होता, तो नट होता की नव्हता, हा प्रश्न उपस्थित करण्याचे कारण नाही.

तो प्रश्न येथे उपस्थित करावा, असे मी योजिले आहे. इंग्रजी नाट्यवाङ्मयावर पोसलेल्या माझ्यासारख्या माणसाची त्याच्याविषयीची वृत्ती पुष्कळ वर्षे त्या वडीलधाऱ्या मंडळींसारखीच होती, हे आरंभीच कबूल करतो. परंतु त्याचे चित्रपट एकामागून एक लक्षपूर्वक पाहिल्यानंतर माझे मत पालटले. ते का पालटले, हे सांगणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अभिनयाची परीक्षा करावयाची तर आपल्याजवळ भरतमुनींनी घालून दिलेले माप आहेच. आंगिक म्हणजे अवयवांनी केलेला, वाचिक म्हणजे वाणीने केलेला, आहार्य म्हणजे वेषभूषेने साधलेला आणि सात्त्विक म्हणजे अंतःकरणातील भावाने शरीरावर आपोआप उमटलेला, असे अभिनयाचे चार प्रकार ‘नाट्यशास्त्रा’त सांगितले आहेत. मल्लाचे सारे सामर्थ्य पहिल्या प्रकाराच्या हद्दीत संपते. तो हात उगारतो, पाय फेकतो, कोलांटी मारतो. त्याच्या मनात त्या वेळी काय चालले आहे, याची पंचाईत प्रेक्षक करीत नाही. नटाचे तसे नाही. त्याचा हात उगारलेला दिसताच तो का उगारला गेला, हे आपल्याला कळावे लागते. आणि तो खाली आल्यावर त्याच्या मनाचे काय झाले, हेही कळावे लागते. ब्रूस लीच्या आंगिक कौशल्याविषयी वाद नाही. वाद आहे तो सात्त्विकाविषयी, आणि निकालही तेथेच लागावयाचा आहे.

या माणसाच्या चरित्राकडे पाहिले म्हणजे पहिली गोष्ट अशी आढळते की, तो मल्ल होण्याच्या कितीतरी आधी नट होता. त्याचे वडील ली होई-चुएन हे कँटनी संगीत नाटकांतील नामांकित विनोदी नट. नाटकमंडळीबरोबर ते अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना 27 नोव्हेंबर 1940 रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरी या मुलाचा जन्म झाला. आणि बोलता येऊ लागण्यापूर्वीच, तान्ह्या वयात, तो कुणाच्या तरी कडेवर बसून चित्रपटात झळकला. पुढल्याच वर्षी कुटुंब हाँगकाँगला परतले. जपानी अंमलाची वर्षे सरल्यावर हा मुलगा तेथील चित्रपटांतून नियमाने कामे करू लागला. 1950 सालच्या ‘द किड’ या चित्रपटात वाट चुकलेल्या एका अनाथ पोराची मुख्य भूमिका त्याच्याकडे होती, आणि त्याच चित्रपटात त्याच्या वडिलांचीही भूमिका होती. ‘धाकटा ड्रॅगन’ या अर्थाचे त्याचे चिनी नाव याच सुमारास रूढ झाले. अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याने सुमारे वीस चित्रपटांत कामे केली होती. त्यांपैकी शेवटचा ‘द ऑर्फन’ हा 1960 साली प्रदर्शित झाला. हे बहुतेक चित्रपट कौटुंबिक व सामाजिक स्वरूपाचे होते. त्यांत रडावे लागे, रुसावे लागे, उर्मटपणे बोलावे लागे. कुंग फूचा संबंध नसे. यिप मान या गुरूजवळ ‘विंग चुन’ पद्धतीचे शिक्षण त्याने घेतले ते पौगंडावस्थेत. त्याच सुमारास तो चा-चा नावाचे नृत्यही शिकला, आणि 1958 साली हाँगकाँगमधील त्या नृत्याच्या स्पर्धेत विजयी ठरला. पुढे द्वंद्वाच्या वेळी त्याची पावले ज्या तालात पडत, त्याचे मूळ शोधणाऱ्याने या नृत्याचा विसर पडू देऊ नये.

1959 साली वडिलांनी त्याला अमेरिकेस पाठविले. सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात तो दाखल झाला. तेथे तत्त्वज्ञानाचे वाचन आणि कुंग फूचे वर्ग असा त्याचा दुहेरी व्यवसाय चालू झाला. 1964 साली लाँग बीच येथील कराटे संमेलनात त्याने करून दाखविलेले प्रयोग पाहून दूरचित्रवाणीच्या एका निर्मात्यापर्यंत त्याचे नाव गेले, आणि 1966 मध्ये ‘द ग्रीन हॉर्नेट’ या मालिकेत त्याला काम मिळाले. काम कसले? नायकाचा चिनी तोंडवळ्याचा सारथी केटो. तोंडावर काळा मुखवटा, अंगावर नोकराचा पोशाख, वाट्यास आलेली वाक्ये मोजकीच. भरतमुनींच्या परिभाषेत बोलावयाचे तर वाचिक अभिनय मालकांनी काढून घेतलेला, आहार्य अभिनय त्याला झाकून टाकणारा. उरले काय, तर हातपाय. सव्वीस भागांनंतर मालिका बंद पडली; परंतु हाँगकाँगच्या प्रेक्षकांनी तिचे नामकरण ‘केटोचा खेळ’ असे करून टाकले होते. नोकराने मालकावर केलेली ती मात होती. अमेरिकेस मात्र तिचा पत्ता नव्हता.

यानंतरच्या चार-पाच वर्षांची हकिगत वाचताना मन विषण्ण होते. 1967 साली त्याने आपल्या युद्धपद्धतीस ‘जीत कुन दो’ असे नाव दिले. हॉलिवुडमधील धनिक नट व लेखक त्याच्याजवळ शिकण्यास येत, परंतु शिष्यांना मिळत तशा भूमिका गुरूला मिळत नसत. 1970 मध्ये व्यायाम करताना त्याच्या पाठीस जबर दुखापत झाली, आणि काही महिने त्याला अंथरुणावर काढावे लागले; त्या सक्तीच्या विश्रांतीत त्याने टिपणांच्या वह्यांमागून वह्या भरल्या. 1971 साली ‘द सायलेंट फ्लूट’ नावाच्या एका योजलेल्या चित्रपटासाठी स्थळे पाहण्याकरिता तो जेम्स कोबर्न हा नट आणि स्टर्लिंग सिलिफंट हा लेखक यांच्यासमवेत आपल्या देशातही येऊन गेला. चित्रसंस्थेचा पैसा भारतात अडकून पडला होता, तो येथेच खर्च करावा, असा तो बेत होता. तो फसला. पुढे ‘कुंग फू’ नावाची दूरचित्रवाणी मालिका निघाली, तेव्हा तीतील चिनी भिक्षूची भूमिका डेव्हिड कॅराडाइन या गोऱ्या नटास देण्यात आली. नियतीची थट्टा अशी की, तो ‘सायलेंट फ्लूट’ही अखेर 1978 साली निराळ्या नावाने पडद्यावर आला, आणि ब्रूस लीने स्वतःसाठी योजिलेल्या भूमिका त्यातही कॅराडाइनच करून गेला.

1971 च्या अखेरीस कॅनडातील पिएर बर्टन या मुलाखतकाराने या अन्यायाविषयी त्यास छेडले असता त्याने दिलेले उत्तर लक्षात ठेवण्याजोगे आहे. पैसा घालणाऱ्यांस चिनी चेहऱ्याच्या नायकाचा धोका वाटतो, याबद्दल आपण त्यांस दोष देत नाही. हाँगकाँगमध्ये एखादा परदेशी माणूस नायक होऊ म्हणाला, तर तेथील धनिकांसही अशीच धास्ती वाटली असती, अशा आशयाचे ते उत्तर होते. यात आदळआपट नाही, लाचारीही नाही. आपला राग आतल्या आत जिरवून वरून सभ्य चेहरा ठेवणे त्याला प्रत्यक्ष आयुष्यात किती वर्षे करावे लागले, याची त्यावरून कल्पना येते. पुढे पडद्यावर त्याने जे केले, त्याचे रहस्य मला तरी या जिरविलेल्या रागात दिसते.

आता त्या चित्रपटांकडे वळू. नायक म्हणून त्याने पुरे केलेले चित्रपट चारच. आणि त्यांचा काळ दोन वर्षांहूनही कमी.

पहिला, 1971 चा ‘द बिग बॉस’. हाँगकाँगच्या ‘गोल्डन हार्वेस्ट’ संस्थेने तो थायलंडमध्ये तयार केला. कथा साधीच आहे. एक खेडवळ तरुण नातलगांकडे राहण्यास येतो आणि त्यांच्याबरोबर बर्फाच्या कारखान्यात कामास लागतो. बर्फाच्या लाद्यांतून अफूसारख्या मादक द्रव्यांची चोरटी ने-आण चालते, हे पुढे उघडकीस येते. या तरुणाने आईला वचन दिले आहे की, मी कधी हातघाईवर येणार नाही. त्या वचनाची खूण म्हणून त्याच्या गळ्यात एक पदक आहे. त्यामुळे चित्रपटाचा बराच मोठा भाग हा नायक लढतच नाही! आप्त मार खात आहेत, हा बाजूस उभा आहे. मूठ वळते आणि सैल पडते, नजर पदकाकडे जाते आणि खाली वळते. ज्याचे सारे नाव लढवय्येपणावर, त्याच्या पहिल्याच नायकपदाच्या चित्रपटात प्रेक्षकांस इतका वेळ धरून ठेवले आहे ते न लढण्याने. कुणा दांडगटाच्या हाताने ते पदक तुटते, आणि मग जे होते ते होते. परंतु तोपर्यंत त्या माणसाच्या मनातील ओढाताण आपल्यास पुरती कळलेली असते, म्हणून त्या पहिल्या प्रहारास अर्थ येतो. केवळ मल्ल असता, तर हा अर्धा चित्रपट त्याच्या हातून रटाळ झाला असता.

1972 चा ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ हा सूडाचा चित्रपट आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीचे, परकीयांच्या वर्चस्वाखालील शांघाय. जिंगवू नावाच्या आखाड्याचे थोर गुरू ह्वो युआन्जा यांचा मृत्यू. आणि त्या मृत्यूमागील जपानी कारस्थानाचा बदला घेणारा शिष्य चेन झेन. गुरूच्या शवपेटिकेवर माती लोटली जात असताना हा शिष्य भर पावसात खड्ड्यात उडी घेतो आणि नखांनी पेटिका खरवडू लागतो. येथील शोक इतका उघडा, इतका बेभान आहे की, आपल्यास क्षणभर संकोच वाटतो. पुढे त्याच चित्रपटात शत्रूच्या गोटातील बातमी काढण्यासाठी तो वर्तमानपत्रे विकणारा म्हातारा होतो, रिक्षा ओढणारा होतो, टेलिफोन दुरुस्त करणारा चष्मिष्ट कारागीर होतो. त्या कारागिराचे बावळट हसू पाहिले म्हणजे विनोदी नटाचा हा मुलगा आहे, याची साक्ष पटते. शेवटी बंदुका रोखून उभ्या असलेल्या शिपायांच्या दिशेने तो झेप घेतो. ती झेप हवेतच स्थिर केली आहे आणि ऐकू येतो तो केवळ गोळ्यांचा आवाज. मरण आपल्यास दिसत नाही, तरी ते ठळकपणे समजते.

या चित्रपटाचा दोषही सांगितला पाहिजे. त्यातील सर्व जपानी माणसे क्रूर तरी आहेत अथवा हास्यास्पद तरी. अपमानित राष्ट्राचा राग समजण्यासारखा आहे. परंतु रागाने आंधळे झालेल्या कथेत दुसऱ्या बाजूस माणसे उरत नाहीत, आणि माणसे नाहीत तेथे नाट्य उणावते. ब्रूस लीचा अभिनय कथेहून मोठा आहे, असे या ठिकाणी म्हणावे लागते.

त्याच वर्षाअखेर आलेला ‘द वे ऑफ द ड्रॅगन’ हा सर्वस्वी त्याचा : लेखक तोच, दिग्दर्शक तोच, नायकही तोच. रोम शहरातील एका चिनी खानावळीस गुंडांचा उपद्रव होत आहे, म्हणून मदतीस गावाकडून आलेला हा भोळा तरुण. विमानतळावरील उपाहारगृहात खाद्यपदार्थांची परकी यादी न समजल्यामुळे तो बोट ठेवील ते मागवितो आणि त्याच्यासमोर सुपांच्या वाट्या येऊन थडकतात! चित्रपटाचा मधला भाग सैल आहे, विनोद जागोजाग उथळ आहे, स्त्रीपात्रास शोभेपलीकडे काम नाही. हे सर्व मान्य करूनही शेवटच्या प्रसंगासाठी मी हा चित्रपट कितीही वेळा पाहावयास तयार आहे.

तो प्रसंग म्हणजे कोलोसिअम या रोमन रंगमंडलातील द्वंद्व. प्रतिस्पर्धी अमेरिकन कराटेवीर चक नॉरिस. साक्षीला एक मांजराचे पिल्लू. दोघेही प्रथम एकमेकांकडे पाठ करून शांतपणे अंग मोकळे करतात. बोटे मोडल्याचा, सांधे वाजल्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. दिग्दर्शक म्हणून त्याने द्वंद्वाची चित्रे अशा अंतरावरून घेतली आहेत की, डोक्यापासून पावलांपर्यंत दोन्ही देह दिसावेत. आरंभी नायक मार खातो. मग तो आपली रीत बदलतो. पावले नाचू लागतात, आणि चा-चा नृत्यातील त्या विजयी तरुणाची आठवण होते. हळूहळू पारडे फिरते. शत्रूचा हात निकामी होतो, पाय निकामी होतो, तरी तो धडपडत उठतो. आणि येथे ब्रूस ली मान हलवितो. एवढेच. ‘आता पुरे, थांब’, असे त्या मान हलविण्यात आहे. विनंती आहे, दुःख आहे, आदरही आहे. शत्रू थांबत नाही. मग जे करावे लागते ते नायक करतो, आणि नंतर त्याचा सदरा व काळा पट्टा आणून त्याच्या निष्प्राण देहावर पांघरतो, क्षणभर गुडघा टेकून बसतो. विजयाचा लवलेश चेहऱ्यावर नाही. ज्याच्या चित्रपटांस आपण ‘मारामारीचे’ म्हणून नाके मुरडतो, त्याने माणूस मारण्याची किंमत या एका मिनिटात जितकी दाखविली आहे, तितकी पुष्कळ गंभीर म्हणविणाऱ्या नाटकांतही मला आढळलेली नाही.

चौथा ‘एंटर द ड्रॅगन’. 1973 चा हा चित्रपट अमेरिकन संस्थेने हाँगकाँगमध्ये काढला. दिग्दर्शक रॉबर्ट क्लाऊझ. एका बेटावरील दुष्ट धनिक, त्याने भरविलेला द्वंद्वांचा सामना, तेथे शिरलेला हेर असा सगळा मालमसाला उसना आहे. तरीही यात दोन गोष्टी अपूर्व आहेत.

पहिली गोष्ट त्याच्या आवाजाची. वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक नसेल की, ‘द बिग बॉस’ आणि ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ या चित्रपटांचे संवाद मँडरिन भाषेत होते. तो स्वतः कँटनी बोलणारा. त्यामुळे त्याचे संवाद दुसऱ्याच कुणी म्हटले, आणि इंग्रजी आवृत्तीतही ते दुसऱ्यानेच म्हटले. म्हणजे अमेरिकेत त्याची वाक्ये काढून घेतली गेली होती, तर स्वदेशी त्याचा आवाज! ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये तो प्रथमच प्रमुख भूमिकेत आपल्या स्वतःच्या कंठाने इंग्रजी बोलला. तो आवाज हळू, तोलून मापून बोलणारा आहे. आणि तो ऐकण्यास तो जगला नाही : चित्रपट प्रदर्शित झाला तो त्याच्या मृत्यूनंतर महिन्याभराने. वाणीवाचून भाव पोहोचविण्याची सक्ती ज्याच्यावर जन्मभर झाली, त्याचा देह इतका बोलका का झाला, याचे उत्तर निराळे शोधण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ओहारा नावाच्या खलपुरुषाशी झालेले द्वंद्व. याच माणसामुळे नायकाच्या बहिणीस प्राण गमवावे लागले आहेत. द्वंद्वाच्या अंती खाली पडलेल्या शत्रूच्या अंगावर नायक उडी घेऊन उतरतो. तो आघात आपल्यास दाखविलेला नाही. दिसतो तो फक्त ब्रूस लीचा चेहरा, मंद गतीने. प्रथम क्रोध, मग तो क्रोध वितळतो आणि त्याच्या जागी असह्य वेदना येते, गाल थरथरतात, तोंड वेडेवाकडे होते, डोळ्यांत जणू स्वतःच्याच कृत्याची भीती उभी राहते. बहिणीचा सूड पुरा झाला आहे. आणि सूडाने काहीच परत मिळाले नाही, हे त्या चेहऱ्यास कळलेले आहे. युद्ध व मरण रंगभूमीवर प्रत्यक्ष दाखवू नये, असा आपल्या नाट्यशास्त्राचा दंडक. चित्रपटाने तो केव्हाच झुगारून दिला. पण या ठिकाणी, दंडकाची वार्ताही नसलेल्या लोकांच्या हातून तो पाळला गेला आहे : मरण पडद्याबाहेर आणि त्याचा परिणाम नटाच्या मुखावर. सात्त्विक भाव आठ सांगितले आहेत. त्यांतील स्तंभ, वेपथु आणि वैवर्ण्य, म्हणजे निश्चलता, कंप आणि वर्णाचे पालटणे, हे तीन या काही क्षणांत एकापाठोपाठ येऊन जातात. याला मल्लविद्या म्हणावयाचे असेल तर म्हणावे. मी त्याला अभिनय म्हणतो.

माझे म्हणणे कुणास अतिशयोक्त वाटत असेल, तर त्याने 1978 सालचा ‘गेम ऑफ डेथ’ हा चित्रपट पाहावा. नटाच्या अभावानेही त्याची योग्यता कशी सिद्ध होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मिळणे कठीण. 1972 मध्ये ब्रूस लीने या कथेतील काही द्वंद्वे चित्रित केली होती. त्यांत सात फुटांहून उंच असा बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार याच्याशी झालेले द्वंद्व विख्यात आहे. ‘एंटर द ड्रॅगन’साठी ते काम अर्धवट राहिले आणि नंतर मृत्यूने ते कायमचे थांबविले. पाच वर्षांनी मालकांनी नवी कथा रचली आणि तोतये उभे केले. त्यांच्या डोळ्यांवर काळे चष्मे चढविले, दाढ्या चिकटविल्या. एके ठिकाणी तर आरशावर त्याच्या चेहऱ्याचे कागदी चित्र चिकटवून वेळ मारून नेली. एवढ्याने भागेना, म्हणून त्याच्या खऱ्या अंत्ययात्रेची दृश्येही कथेत घुसडली. या शेवटच्या प्रकाराविषयी लिहिताना लेखणी अडखळते.

तथापि या निर्लज्ज खटाटोपाने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली. ते तोतये कसलेले लढवय्ये होते. लाथ तशीच उंच जात होती, ठोसा तसाच सुटत होता. आहार्य अभिनयाची तर नक्कल हुबेहूब होती. मग उणे काय पडले? उणी पडली ती नजर. चित्रपटाच्या अखेरच्या भागात खऱ्या ब्रूस लीची काही मिनिटे येतात, आणि लहान मूलही सांगू शकते की, आता तो आला. पुढे त्याच्या नावातील एखाददुसरे अक्षर बदलून आपले नाव करणारे नट हाँगकाँग व तैवान येथे निपजले आणि त्यांचे कितीतरी चित्रपट निघाले. आज त्यांची आठवण कोण काढतो? मल्लाची जागा दुसरा मल्ल घेऊ शकतो. ब्रूस लीची जागा कुणास घेता आली नाही, यातच त्याच्या नटपणाचा पुरावा आहे.

मी त्याची आरती करावयास बसलो नाही. त्याच्या मर्यादा मोठ्या आहेत. चार चित्रपटांतील चारही नायक एकाच मुशीतून ओतलेले : एकटे, ब्रह्मचारी, अन्यायाने पेटलेले. प्रेमाचा प्रसंग त्याच्या हाती आला की, तो अवघडतो. आपल्या देहाच्या सौंदर्याची त्याला वाजवीपेक्षा अधिक जाणीव आहे, आणि सदरा उतरविण्याची संधी तो सहसा दवडीत नाही. पक्व वयाची भूमिका त्याच्या वाट्यास आलीच नाही. ती आली असती, तर काय झाले असते, हा तर्क करण्यात अर्थ नाही. टीकाकाराने जे आहे त्याचे मोल करावे.

जे आहे ते थोडे आहे, पण अस्सल आहे. 2005 साली बोस्निया देशातील मोस्तार या, यादवी युद्धाने दुभंगलेल्या शहरात नागरिकांनी ब्रूस लीचा पुतळा उभारला. परस्परांचे वीर परस्परांस शत्रू वाटत होते. सर्वांस आपला वाटेल, असा वीर शोधता शोधता ते या चिनी नटापाशी येऊन थांबले. ज्याची भाषा त्या शहरात कुणासही येत नव्हती, त्याचे म्हणणे मात्र सर्वांस समजले होते. केवळ ठोशाच्या बळावर एवढे होत नाही.

आपल्या घरांतील मुले हे चित्रपट पाहतात, याची पालकांस चिंता वाटते. ती अनाठायी आहे, असे मी म्हणणार नाही. मुले लाथा झाडण्यास शिकतात आणि तेवढेच शिकतात. परंतु दोष चित्रपटाचा जितका, तितकाच तो कसा पाहावा, हे न सांगणाऱ्या आपला. मुलांजवळ एकदा आपणही बसावे, आणि लढाई संपल्यावर त्यांस विचारावे, ‘तो जिंकला ना? मग त्याचा चेहरा असा का झाला?’ या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलेले मूल उत्तम प्रेक्षक होण्याच्या वाटेस लागले, असे समजावे. मल्लाच्या खेळात हा प्रश्न कधी उद्भवत नाही. तो ज्याच्यापुढे उद्भवतो, त्याला नट म्हणतात.